सुंभ जळला, पीळ राहिला : फ्रेंच वसाहतींची स्वातंत्र्याकडे वाटचाल



८ जुलै १९१० च्या सकाळी मार्सेलिस बंदरात 'मोरिया' बोटीवरून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी समुद्रात झेप घेतली, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. त्या झेपेनंतर काय घडले, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. सावरकर पोहत किनाऱ्याला लागले. ती भूमी फ्रान्सची होती. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी जगाला ऐकवणाऱ्या देशाची होती. त्या भूमीवर पाय ठेवणाऱ्या राजकीय बंदिवानाला आश्रय मिळायला हवा होता. प्रत्यक्षात फ्रेंच पोलिसाने त्यांना ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्समध्ये या गोष्टीचा गवगवा झाला, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. बंदिवानाला ताब्यात देताना अनियमितता घडली, हे लवादाने मान्य केले. तरीही त्याला परत करण्यास ब्रिटन बांधील नाही, असे ठरवले.

दोन साम्राज्यांच्या व्यवहारात एका गुलाम देशाच्या देशभक्ताचे मोल किती, हे त्या निकालाने दाखवून दिले. त्याच मार्सेलिस बंदरातून त्या काळात फ्रेंच सैनिक, अधिकारी आणि वसाहतवाले अल्जीयर्सकडे आणि सायगावकडे रवाना होत असत. घरी स्वातंत्र्याचा जयघोष करणाऱ्या या देशाने दुसऱ्यांचे स्वातंत्र्य कसे दाबले, ते देण्याची वेळ आली तेव्हा कसे दिले आणि दिल्यानंतरही हातात काय राखून ठेवले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सुधारण्याचा मक्ता

इंग्रजांचा साम्राज्यवाद व्यापाऱ्याचा होता. हिशेबाची वही जमेल तोवर राज्य करायचे, अशी त्याची रीत होती. फ्रेंचांनी आपल्या साम्राज्याला तत्त्वज्ञानाची झूल घातली. मागासलेल्या जगाला सुसंस्कृत करण्याचे कार्य आपल्याकडे आले आहे, आणि हे लोक एक दिवस फ्रेंच होतील, असा त्यांचा दावा होता. वरवर पाहता हा दावा उदार वाटतो. पण त्याच्या पोटात एक भयंकर अट दडलेली होती. माणूस म्हणून मान्यता हवी असेल, तर आधी स्वतःचे असलेपण टाकून द्यावे लागेल, ही ती अट होय.

अल्जीरियाचे उदाहरण घेऊ. १८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जीयर्स जिंकले आणि १८४८ मध्ये या प्रदेशाला फ्रान्सचाच भाग ठरवून त्याचे जिल्हे पाडले. कागदोपत्री अल्जीरिया म्हणजे फ्रान्स. मग तेथील मूळ रहिवासी फ्रान्सचे नागरिक होते काय? १८६५ च्या कायद्याने मुस्लिमांना प्रजाजन ठरवले. आपला धार्मिक वैयक्तिक कायदा सोडून अर्ज करील त्यालाच नागरिकत्व मिळे. अर्ज करणारे थोडेच निघाले. बाकीच्यांसाठी १८८१ पासून वेगळी दंडसंहिता लागू झाली. नागरिकाला जी कृती केल्याबद्दल काहीही होत नसे, तीच कृती प्रजाजनाने केली तर अधिकारी खटल्याशिवाय दंड आणि कैद देऊ शकत असे. देश एक, पण माणसे दोन प्रकारची, असा हा कारभार होता.

युद्धाच्या वेळी मात्र हा भेद सोयीस्करपणे विसरला जाई. दोन्ही महायुद्धांत आफ्रिकेतील आणि हिंदी-चीनमधील लक्षावधी तरुण फ्रान्ससाठी लढले. त्यांना काय मिळाले? १ डिसेंबर १९४४ रोजी सेनेगलमधील थियारॉयच्या छावणीत, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या आफ्रिकी सैनिकांनी आपला थकलेला पगार मागितला. फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ३५ मृतांचा होता. खरा आकडा त्याहून बराच मोठा असल्याचे आता मानले जाते. ही कत्तल होती, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य करायला २०२४ साल उजाडावे लागले.

८ मे १९४५ रोजी युरोपात हिटलरच्या पराभवाचा आनंद साजरा होत होता. अल्जीरियातील सेतिफ गावीही मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीत अल्जीरियाचा ध्वज फडकला आणि पोलिसांनी गोळीबार केला. संतप्त जमावाने केलेल्या हल्ल्यांत शंभराच्या आसपास युरोपीय मारले गेले. त्यानंतर फ्रेंच सैन्याने, विमानांनी आणि वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी जो सूड घेतला, त्यात हजारो अल्जीरियन प्राणांना मुकले. अल्जीरियाचा दावा ४५ हजारांचा आहे. नाझींच्या जोखडातून मुक्त झाल्याचा उत्सव चालू असताना हे घडले, ही गोष्ट अल्जीरियाची तरुण पिढी कधीच विसरली नाही.

इतिहासाच्या शिक्षकाने जिंकलेली लढाई

महायुद्धाने फ्रान्सची प्रतिष्ठा धुळीस मिळाली होती. १९४० मध्ये अवघ्या सहा आठवड्यांत जर्मनीपुढे शरण जाणारा देश अजिंक्य नाही, हे साऱ्या वसाहतींनी पाहिले. सीरिया आणि लेबनॉनमधून १९४६ मध्ये फ्रेंचांना बाहेर पडावे लागले. शहाणपणाचा मार्ग त्या वेळी उघडा होता. परंतु गेलेली प्रतिष्ठा वसाहतींच्या बळावर परत मिळवण्याच्या हट्टापायी फ्रान्सने तो नाकारला. १९४४ च्या ब्राझाव्हिल परिषदेत सुधारणांची भाषा झाली. त्याच वेळी साम्राज्याबाहेर स्वराज्याचा विचार दूरच्या भविष्यातही होणार नाही, असे बजावण्यात आले.

व्हिएतनाममध्ये या हट्टाची पहिली मोठी किंमत मोजावी लागली. २ सप्टेंबर १९४५ रोजी हो चि मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली. फ्रेंच परत आले, वाटाघाटी फिसकटल्या, नोव्हेंबर १९४६ मध्ये फ्रेंच नौदलाने हैफाँग शहरावर तोफा डागल्या आणि डिसेंबरमध्ये युद्ध पेटले. ते साडेसात वर्षे चालले.

या युद्धाचा शेवट दिएन बिएन फू येथे झाला. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका दूरच्या खोऱ्यात फ्रेंचांनी भक्कम तळ उभारला. डोंगरांवर अवजड तोफा चढवणे शत्रूला शक्य नाही, हा त्यांच्या सेनापतींचा हिशेब होता. समोर होता व्हो न्युएन ज्याप, पेशाने इतिहासाचा शिक्षक. त्याच्या माणसांनी तोफा सुट्या करून, दोर लावून, हातांनी ओढत जंगलांतून वर नेल्या. तांदूळ आणि दारूगोळा पोचवण्यासाठी हजारो सायकली कामी आल्या. १३ मार्च १९५४ रोजी मारा सुरू झाला. आपल्या तोफा निष्प्रभ ठरल्याचे पाहून फ्रेंच तोफखान्याच्या प्रमुखाने आत्महत्या केली. ७ मे रोजी तळ पडला आणि दहा हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. जुलैमध्ये जिनिव्हा येथे करार होऊन १७ व्या अक्षांशावर देशाची तात्पुरती विभागणी झाली. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. ठरलेल्या निवडणुका मात्र झाल्याच नाहीत आणि एकीकरणासाठी व्हिएतनामला १९७५ पर्यंत रक्त सांडावे लागले.

हो चि मिन्ह आणि ज्याप साम्यवादी होते आणि त्यांच्या राजवटीने आपल्याच लोकांवर केलेले अत्याचार नाकारण्याचे कारण नाही. परंतु दिएन बिएन फूच्या डोंगरावर तोफ ओढणाऱ्या शेतकऱ्याला बळ दिले ते मार्क्सच्या ग्रंथाने दिले नव्हते. चिनी सम्राटांशी शतकानुशतके झुंजलेल्या एका प्राचीन राष्ट्राची स्मृती त्याच्या पाठीशी उभी होती.

एक तारीख, दोन पहाटा

आता या इतिहासातील एका विलक्षण योगायोगाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५४ या एकाच दिवशी फ्रेंच साम्राज्याच्या दोन टोकांना दोन घटना घडल्या. पुदुच्चेरीत फ्रान्सचा ध्वज शांतपणे उतरला आणि भारताचा तिरंगा फडकला. त्याच दिवशी पहाटे अल्जीरियात ठिकठिकाणी बॉम्बस्फोट आणि हल्ले होऊन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले. पॅरिसमध्ये पंतप्रधान एकच होते, मेंदेस-फ्रान्स. मग एकीकडे हस्तांदोलन आणि दुसरीकडे बंदूक, असे का झाले?

पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंद्रनगर या पाच ठिकाणांचे मिळून 'फ्रेंच भारत' होता. या भूमीशी आपल्या क्रांतिकार्याचे जुने नाते आहे. कवी सुब्रह्मण्य भारती १९०८ मध्ये ब्रिटिशांच्या अटकेतून वाचण्यासाठी पुदुच्चेरीला आले. ४ एप्रिल १९१० रोजी श्रीअरविंद तेथे उतरले. लंडनमधील सावरकरांचे सहकारी व. वे. सु. अय्यर यांनीही त्याच वर्षी वेषांतर करून पुदुच्चेरी गाठली. तरीही ही राजवट मवाळ होती असे नव्हे. ३० जुलै १९३६ रोजी पुदुच्चेरीतील गिरणी कामगारांवर झालेल्या गोळीबारात १२ कामगार ठार झाले होते.

१९४७ नंतर या पाचही ठिकाणी विलीनीकरणाची मागणी जोर धरू लागली. चंद्रनगरच्या जनतेने जून १९४९ मध्ये मतदानाद्वारे प्रचंड बहुमताने भारताचा कौल दिला आणि पुढे ते पश्चिम बंगालमध्ये सामील झाले. उरलेल्या चार ठिकाणी फ्रेंचांनी चालढकल केली. १९५४ च्या उन्हाळ्यात लोकांनीच पुढाकार घेतला. यानममध्ये जूनमध्ये दडाला रामनय्या यांच्या नेतृत्वाखाली सत्तांतर झाले आणि माहेमध्ये जुलैत आय. के. कुमारन मास्तरांच्या नेतृत्वाखालील लोकसंघर्षापुढे फ्रेंच प्रशासकाला निघून जावे लागले. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी पुदुच्चेरीजवळच्या कीळूर या लहानशा गावी १७८ लोकप्रतिनिधी जमले. त्यांपैकी १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले. तीन दिवसांनी दिल्लीत करार झाला आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला.

हे इतक्या सरळपणे का घडू शकले? फ्रान्सचे औदार्य हे त्याचे उत्तर नाही. तेथे फ्रेंच वसाहतवाले मूठभर होते. सभोवार स्वतंत्र भारत उभा होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अडीचशे वर्षांच्या फ्रेंच अमलानंतरही तेथील तमिळ, मल्याळी, तेलुगू आणि बंगाली माणसाला आपण कोण आहोत, याविषयी संभ्रम नव्हता. त्याची देवळे, त्याची भाषा, त्याची तीर्थे आणि त्याचे सोयरेधायरे सीमेच्या पलीकडे होते. नकाशावर सीमा होती, मनात नव्हती.

भारतातच राहिलेल्या दुसऱ्या परकीय सत्तेशी तुलना करून पाहावी. पोर्तुगालला हे शहाणपण कधीच सुचले नाही. त्यामुळे २ ऑगस्ट १९५४ रोजी राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके आदींसह स्वयंसेवकांना जीव धोक्यात घालून सिल्वासा मुक्त करावे लागले, १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहींना गोळ्या झेलाव्या लागल्या आणि अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य धाडावे लागले.

पुदुच्चेरीच्या कथेलाही एक शेपूट आहे. विलीनीकरणाच्या तहावर २८ मे १९५६ रोजी सह्या झाल्या, पण फ्रेंच संसदेने त्याला मंजुरी दिली नाही. एक तुकडा कायदेशीरपणे सोडला की अल्जीरियातही तोच दाखला दिला जाईल, ही धास्ती होती. अल्जीरियाचा निकाल लागल्यावरच ती मंजुरी मिळाली आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी पुदुच्चेरी कायद्यानेही भारताची झाली. एकाच तारखेला सुरू झालेल्या दोन कथा अशा रीतीने एकाच वर्षी संपल्या.

अल्जीरियाची आठ वर्षे

अल्जीरियात सुमारे दहा लाख युरोपीय वसाहतवाले होते आणि नव्वद लाखांच्या आसपास मुस्लिम. उत्तम जमीन, मोठ्या नोकऱ्या आणि सत्ता पहिल्या गटाकडे होती. बंड सुरू होताच, अल्जीरिया म्हणजेच फ्रान्स, ही भूमिका गृहमंत्री मितराँ यांनी ठणकावून मांडली. हेच मितराँ पुढे फ्रान्सचे समाजवादी राष्ट्राध्यक्ष झाले. १९५६ मध्ये अल्जीरियातील दमनासाठी विशेषाधिकार मागणारे सरकारही समाजवादी गी मोले यांचे होते, आणि त्या विशेषाधिकारांच्या बाजूने फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाने मतदान केले. जगातील शोषितांच्या मुक्तीची भाषा बोलणाऱ्यांची ही कृती इतिहासात नोंदली गेली आहे.

१९५७ मध्ये अल्जीयर्स शहरात फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी बंडखोरांचे जाळे मोडून काढले. त्यासाठी विजेचे झटके, पाण्यात बुडवणे आणि माणसे गायब करणे, हे मार्ग सर्रास वापरले. लढाई जिंकली, पण फ्रान्सची सदसद्विवेकबुद्धी हरली. बंडखोर राष्ट्रीय मुक्ती आघाडीचेही हात स्वच्छ नव्हते. उपाहारगृहांतील बॉम्बस्फोटांनी निरपराध लोक मेले आणि प्रतिस्पर्धी अल्जीरियन गटांच्या गावांतही कत्तली झाल्या. याच प्रश्नावर १९५८ मध्ये फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक कोसळले आणि जनरल द गॉल सत्तेवर आले. अल्जीरिया फ्रेंचच राहावा म्हणून सेनापतींनी त्यांना आणले होते. काळाची पावले ओळखून त्यांनीच अल्जीरिया सोडण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एप्रिल १९६१ मध्ये चार सेनापतींनी बंड केले आणि ते फसले. १८ मार्च १९६२ रोजी एव्हियाँ येथे करार झाला. जुलैतील सार्वमतानंतर, आक्रमणाला १३२ वर्षे पूर्ण होत असताना, अल्जीरिया स्वतंत्र झाला. मृतांचा अल्जीरियाचा अधिकृत आकडा १५ लाख आहे. इतिहासकारांचे अंदाज त्याहून बरेच कमी असले, तरी तेही काही लाखांचे आहेत.

या शोकांतिकेत एका समूहाची कथा विशेष करुण आहे. ज्या अल्जीरियन मुस्लिमांनी फ्रेंच सैन्याच्या बाजूने शस्त्र धरले, त्यांना 'हार्की' म्हणत. कोणी पोटासाठी, कोणी बंडखोरांनी घरचे मारले म्हणून, कोणी फ्रान्सच्या शब्दावर विश्वास ठेवून भरती झाले होते. करार होताच फ्रान्सने त्यांची शस्त्रे काढून घेतली आणि बहुसंख्यांना तेथेच सोडून दिले. स्वातंत्र्यानंतरच्या महिन्यांत त्यांतील हजारो जणांची हत्या झाली. जे कसेबसे फ्रान्सला पोचले, त्यांना काटेरी तारांच्या छावण्यांत वर्षानुवर्षे ठेवण्यात आले. गरज सरो, वैद्य मरो, या म्हणीचे इतके क्रूर उदाहरण विरळा. राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी २०२१ मध्ये हार्कींची क्षमा मागितली. परक्या सत्तेच्या भरवशावर स्वकीयांशी उभा दावा मांडणाऱ्याला अखेर ना घर राहते ना घाट, हे सत्य साठ वर्षांपूर्वीच त्यांच्या रक्ताने लिहिले गेले होते.

'नाही' म्हणण्याची किंमत

व्हिएतनाम आणि अल्जीरियातून फ्रान्स एक धडा शिकला. स्वातंत्र्य नाकारून चालत नाही. मग ते अशा रीतीने द्यावे की ध्वज त्यांचा आणि दोरी आपली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हाच प्रयोग झाला.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी द गॉल यांनी वसाहतींत सार्वमत घेतले. फ्रान्सच्या छत्राखालील समुदायात राहायचे, की ताबडतोब स्वतंत्र होऊन सारी मदत गमवायची, असा तो प्रश्न होता. महिनाभर आधी द गॉल गिनीची राजधानी कोनाक्री येथे गेले, तेव्हा तरुण नेते सेकू तूरे यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले की, गुलामगिरीतील श्रीमंतीपेक्षा स्वातंत्र्यातील दारिद्र्य आम्हाला पसंत आहे. गिनीने ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी 'नाही' म्हटले आणि २ ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला.

फ्रान्सचा सूड तात्काळ होता. अधिकारी, डॉक्टर आणि तंत्रज्ञ परत बोलावले गेले. जाताना त्यांनी सरकारी कागदपत्रे आणि कचेऱ्यांतील सामानसुमानही नेले. १९६० मध्ये गिनीने स्वतःचे चलन काढताच फ्रेंच गुप्तचर खात्याने बनावट नोटा पसरवून ते चलन खिळखिळे करण्याचा डाव टाकला. त्या खात्यातील एका माजी अधिकाऱ्यानेच पुढे याची कबुली दिली. हे पाहून इतर वसाहतींनी काय बोध घ्यायचा तो घेतला.

१९६० या एका वर्षात आफ्रिकेतील १४ फ्रेंच प्रदेश स्वतंत्र झाले. ध्वज आले, राष्ट्रगीते आली, संयुक्त राष्ट्रसंघात आसने मिळाली. त्याच वेळी संरक्षण, खनिजे आणि चलन यांविषयीच्या करारांवर सह्या झाल्या. यांतील सर्वांत चिवट दोर चलनाचा होता. १९४५ मध्ये सुरू झालेला 'सीएफए फ्रँक' फ्रान्सच्या चलनाला बांधलेला होता. हे चलन वापरणाऱ्या देशांना आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा, आधी सगळा आणि पुढे निम्मा, फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावा लागे. स्थिर चलनामुळे महागाई आटोक्यात राहते, असा त्याचा बचाव केला जातो आणि त्यात तथ्यही आहे. पण स्वतःच्या पैशाचे मोल स्वतः ठरवता येत नसेल, तर त्या सार्वभौमत्वाला काय म्हणावे? जानेवारी १९९४ मध्ये या चलनाची फ्रँकमधील किंमत एका फटक्यात निम्मी झाली आणि डझनभर देशांतील सामान्य माणसाच्या औषधाचे आणि बाहेरून येणाऱ्या धान्याचे भाव गगनाला भिडले.

दुसरा दोर सैन्याचा. १९६४ मध्ये गॅबोनच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उठाव होताच फ्रेंच सैनिक उतरले आणि त्यांना पुन्हा गादीवर बसवले. मध्य आफ्रिकेत बोकासा याने १९७७ मध्ये फ्रेंच मदतीने स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. तो डोईजड होताच दोन वर्षांनी फ्रेंच सैन्यानेच त्याला हटवले. अल्जीरियालाही या दोरांपासून लगेच सुटका मिळाली नाही. एव्हियाँ करारातील कलमांच्या आधारे स्वतंत्र अल्जीरियाच्या वाळवंटात फ्रान्स १९६६ पर्यंत अणुचाचण्या करत राहिला. त्या किरणोत्सर्गाचे भोग तेथील लोक आजही भोगत आहेत. सुंभ जळला होता, पीळ तसाच होता.

पीळ सुटू लागला

हा पीळ सुटताना आपल्या पिढीला पाहायला मिळतो आहे. डिसेंबर २०१९ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या चलनात सुधारणा जाहीर झाल्या आणि गंगाजळी फ्रान्सकडे ठेवण्याची तेथील सक्ती संपुष्टात आली. २०२२ मध्ये मालीतून, २०२३ मध्ये बुर्किना फासो आणि नायजरमधून, तर २०२५ मध्ये चाड, आयव्हरी कोस्ट आणि सेनेगलमधून फ्रेंच फौजा बाहेर पडल्या. माली आणि बुर्किना फासो यांनी फ्रेंचचा राजभाषेचा दर्जाही काढून घेतला.

हे पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. यांतील काही देशांत सत्ता लष्करशहांच्या हाती आहे, जिहादी दहशतवादाने गावे उजाड होत आहेत आणि फ्रेंच गेले तेथे रशियाचे भाडोत्री सैनिक आले. एक दोर कापून दुसरा गळ्यात घालणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया तर आजही फ्रान्सकडेच आहे. २०१८ पासून तेथे तीन सार्वमते झाली, तिन्हींत स्वातंत्र्याचा पक्ष हरला; तिसऱ्या मतदानावर मूळच्या कनाक समाजाने बहिष्कार घातला होता आणि मे २०२४ मध्ये मतदारयादीच्या प्रश्नावरून तेथे हिंसाचार उसळला.

स्वातंत्र्य आणि स्वत्व

या साऱ्या इतिहासातून हाती काय लागते? पहिली गोष्ट अशी की, स्वातंत्र्य एका मध्यरात्री पूर्णपणे मिळत नाही. ध्वज ही त्याची पहिली पायरी. स्वतःचे चलन, स्वतःचे सैन्य, स्वतःची भाषा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला इतिहास या पुढच्या पायऱ्या आहेत. ज्या देशाची मुले परक्याच्या भाषेत शिकतात, त्या देशाच्या मनावरील राज्य संपायला आणखी दोन पिढ्या लागतात. हे वाक्य ऐकताना आफ्रिकेकडे बोट दाखवण्यापूर्वी आपापल्या घरातील मुलांच्या दप्तराकडेही एक नजर टाकायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. परकीय गेला म्हणजे अन्याय गेला, असे होत नाही. द गॉलला बाणेदारपणे नकार देणाऱ्या सेकू तूरे यांनीच पुढे आपल्या देशाचा तुरुंग केला. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली हे गिनीचे सुपुत्र १९७७ मध्ये त्यांच्याच राजवटीत, बोआरोच्या छावणीत अन्नपाण्यावाचून मेले. अल्जीरियाने अरबीकरणाच्या ओघात आपल्याच बर्बर समाजाच्या भाषेला दशकानुदशके दूर लोटले. तिला राजभाषेचा मान मिळायला २०१६ साल उजाडले. राष्ट्राचे 'स्व' म्हणजे एका पक्षाचे, एका नेत्याचे किंवा एका गटाचे 'स्व' नव्हे. ज्यात आपली सर्व माणसे मावतात, तेच खरे स्वत्व.

कीळूरच्या त्या लहानशा गावात जमलेल्या १७८ जणांची आठवण यासाठीच ठेवायची. त्यांच्यातील आठ जणांनी विरोधी मत दिले. त्या आठांना कोणी देशद्रोही ठरवले नाही. तहानुसार ज्यांना फ्रेंच नागरिकत्व हवे होते त्यांना ते घेऊ दिले गेले, आणि असे नागरिक आजही पुदुच्चेरीत सुखाने नांदत आहेत. ज्या राष्ट्राचा स्वतःवर विश्वास असतो, त्याला भिन्न मताची भीती वाटत नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मार्सेलिसच्या किनाऱ्यावर एका भारतीय तरुणाला आश्रय नाकारला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच मार्सेलिसमध्ये उतरताना भारताच्या पंतप्रधानांनी त्या धाडसी झेपेचे स्मरण केले. काळ बदलतो, साम्राज्ये मावळतात. समुद्रात उडी घेणाऱ्याला किनारा गाठण्याचे बळ कोठून येते, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. पुदुच्चेरीने तो सोडवला, कारण आपण कोण आहोत हे तिला ठाऊक होते.